बाराच्या खाली किती

११ ऑक्टोबर, जेद्दा

आणि वर मलाच विचारतो, "जुन्यावर तुझा एवढा जीव का रे, राहल्या?" आहे म्हणून आहे. तुझ्या बापाचं काय जातंय? बोर्लीच्या बाजारात एक गाळा घेतला, बाहेर कॉम्प्युटर रिपेअरचा बोर्ड लावला, बायकोला गल्ल्यावर बसवली, की शुभ्याशेठ झाले इंजिनियर. शाळेत गणितं माझी बघून उतरवायचा. मी सातवीला शाळा सोडली, हा बारावीपर्यंत जाऊन नापास झाला. फरक एवढाच.

भांडण मागच्या रमजानपासूनचं. तस्नीमच्या कॉम्प्युटरवरून. तस्नीम माझी धाकटी बहीण, आयटीआयमधून घरांचे नकाशे काढायला शिकली. तिचा कॉम्प्युटर मी जोडला, मागच्या सुट्टीत, बंद पडलेल्या एका सायबर कॅफेचा माल उचलून. कॅबिनेट तिथलं, बोर्ड तिथला, रॅम तिथली. रंगीत चित्रांसाठी जादा कार्ड लागतं ते इथून पाठवलं, एका ऑफिसनं फेकलेलं. एक वस्तू नवी नाही. आणि चालत होता! आता तिनं मोठं चित्र करायला घेतलं की अर्ध्यावर फट् करून बंद. पुन्हा चालू, पुन्हा बंद.

शुभ्या म्हणतो सप्लाय कमी पडतोय. एवढं मलापण कळतं. सप्लाय म्हणजे कॅबिनेटमधली ती लोखंडी डबी, भिंतीतली वीज घेते आणि आतल्या सगळ्यांना वाटून देते. पंगतीत वाढणारी बाई समजा. कार्ड आहे खादाड, बाईच्या हातात बळ नाही, मग पंगत उपाशी उठते. पण शुभ्या पुढे म्हणतो, "बाकी सगळं जुनं चालंल, सप्लाय तेवढा नवा घे. पाच हजाराला हाय माझ्याकडं." हाय ना, तुझ्याकडं हायच. विकायचाय तुला.

नवा घेणार नाही. लिहून ठेवतो.

मराठीत लिहितो ते बरं. खोलीत सहा जण, कुणाला वाचता येत नाही. एक मुसअब दिवेआगरचा, त्याला येतं, पण त्याला वाचायचाच कंटाळा.

१३ ऑक्टोबर

तस्नीमचा फोन. आवाज बारीक. येसाजी कंत्राटदार घरी येऊन गेले. तळा तालुक्यातले आहेत, भातशेती सोडून बांधकामात शिरले, आता आमच्या पट्ट्यातली गल्फवाल्यांची निम्मी घरं तेच बांधतात. मालक बसतो कुवेतला, त्याला मोबाईलवर बघायचं असतं आपलं घर कसं दिसणार. गुलाबी का पिस्ता, गॅलरीला काच का जाळी. ती चित्रं येसाजी पनवेलच्या एका पोराकडून करून घेतात. तस्नीमला म्हणाले, "पोरी, तीन घरं देतो. नोव्हेंबर सरायच्या आत तिन्ही चित्रं दे. जमलं तर पुढची सगळी तुझी. न्हाय जमलं तर मी पनवेलला जायला मोकळा."

पलीकडून अब्बा ओरडले, "न्हाय जमलं तर तो डबा पलंगाखाली आणि ही शिलाई मशीनवर!"

मी म्हटलं, अब्बा, तुमची लाँच मधेच बंद पडायची तेव्हा तुम्हाला कुणी शिलाई मशीनवर बसवलं होतं का? अब्बा आगरदांडा-दिघी लाँचवर इंजिन ड्रायव्हर होते. मग म्हणाले, "इंजिन बंद पडायच्या आधी बोलतंय रं. तुझा डबा बोलतच न्हाय."

१६ ऑक्टोबर

सापडला!

आमचं गोदाम म्हणजे बंद पडलेल्या ऑफिसांचं कबरस्तान. खुर्च्या एकीकडे, एसी एकीकडे, कॉम्प्युटर माझ्याकडे. उघडायचे, तांबं वेगळं, पत्रा वेगळा. आज एका कॅबिनेटमधून सप्लाय काढला आणि हातच खाली गेला. तोलून बघितला, दोन किलो तीनशे! तस्नीमकडचा दोन बोटांवर उचलता येतो. आत नुसती हवा.

दुनिया मोठा आकडा बघते. डबीवर ४५० वॅट लिहिलं की खूश. मोठा आकडा कुणीपण छापतो. मी बघतो बाराच्या खाली किती. स्टिकरवर बारीक चौकटी असतात, त्यात बारा व्होल्टच्या चौकटीखाली अँपिअर लिहिलेले असतात. कार्ड आणि प्रोसेसर त्याच्यावर जगतात. तस्नीमच्या ४५०वाल्यात बाराच्या खाली चौदा. ह्याच्यात तीस. कार्डाला लागते ती सहा टोकांची वायरपण आहे. हे मला कुणी शिकवलं नाही, शेकड्यांनी उघडून कळलं.

फोरमनला विचारलं, नेऊ का? म्हणाला, कचरा आहे, ने. कचरा म्हणे!

शुभ्याला स्टिकरचा फोटो टाकला. त्याचा व्हॉइस आला: "माल चांगला हाय रे. पण आतले कपॅसिटर किती वर्षं शिजलेत ते स्टिकरवर लिहीत न्हायत. पाठवायचाच असंल तर पाठव. त्यापेक्षा तूच ये ना. स्वतः बसव. दुकानात एक खुर्ची रिकामीच हाय." मागे सोनलवहिनी, त्याची बायको, म्हणत होती, "धुऊन पुसून ठेवलीय म्हणावं." आणि हसत होती.

टोमणे मारतात. मी आणि शुभ्याच्या हाताखाली? तळ्याची बेकरी सोडली, मुंबईचं मोबाईलचं दुकान सोडलं, मामूची होडी सोडली, ते काय शुभ्याच्या खुर्चीवर बसायला?

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

सुट्टी. जुम्मा पढून आलो आणि सप्लायची परीक्षा घेतली. गॅरेजमधून गाडीचे दोन हेडलाईट मागून आणले, बारा व्होल्टचे. मोठ्या प्लगातली हिरवी वायर काळीला जोडली की सप्लाय कॉम्प्युटरशिवाय चालू होतो. जोडली. काहीच नाही.

मुसअब हसायला लागला. "राहीलभाई, मय्यत झालीय. दफन करा."

मग ध्यानात आलं. आमची इमारत जुनी. खोलीतले सॉकेट जुन्या पद्धतीचे, एकशेदहाचे. गावच्यासारखी दोनशेतीसच्या आसपासची वीज फक्त एसीच्या सॉकेटला. मुसअब नवीन आला तेव्हा गावची इस्त्री इथे लावून बसला होता, अर्धा दिवस गरम व्हायची वाट बघत. सप्लायच्या पाठीला एक लाल बटण असतं, ते चावीच्या टोकानं २३० वरून ११५ वर सरकवलं. पंखा फिरला. दोन्ही हेडलाईट लागले, सगळी खोली पांढरीफटक! वरच्या बेडवरचा केरळवाला दचकून उठला, म्हणाला ट्रक घुसला काय आत.

असरपासून मगरिबपर्यंत, चांगले दोन-अडीच तास, जळत ठेवले. डबी कोमटसुद्धा झाली नाही. मग वायरी गुंडाळल्या, कपड्यानं पुसून काढली, टॉवेलात बांधून वर टेप मारला. पास म्हणजे पास. आता बोल शुभ्या.

२२ ऑक्टोबर

मुसअब उद्या चालला, बहिणीच्या निकाहला. इथला दस्तूर असा की जो गावी जातो तो सगळ्यांचं थोडं थोडं नेतो, आणि आदल्या दिवशी त्याच्या बॅगेपाशी बाजार भरतो. दाराला वजनकाटा टांगलेला. कुणाची दूध पावडर, कुणाच्या पोराचे बूट. मी टॉवेल टांगला.

"ह्यात काय?"

"सप्लाय."

"तौबा! लोक सोनं पाठवतात, हा भंगार पाठवतो. श्रीवर्धनला पाचशेला मिळतो."

"पाचशेवाल्यात बाराच्या खाली..."

"तुझं बाराच्या खाली मला सांगू नको. माझं तिसाच्या वर चाललंय, त्याचं बोल."

शेवटी अम्मीसाठी घेतलेले खजूर काढले. अजव्याचे होते, महागातले. अम्मी, पुढच्या खेपेला. वजन बरोबर बसलं.

२५ ऑक्टोबर

मुसअब पोचला. फोनवर शिव्याच. विमानतळावर मशीनमध्ये वायरी दिसल्या म्हणून त्याला बाजूला घेतला, टॉवेल सोडायला लावला. विचारलं काय आहे. म्हणाला कॉम्प्युटर. ते म्हणाले, मग कॉम्प्युटर कुठाय? हा म्हणाला, बोर्लीला.

हसून हसून पोट दुखलं. पण नेला पठ्ठ्यानं. आज घरी देऊनपण आला.

२८ ऑक्टोबर

काय लिहू.

व्हिडिओवर मी एकेक वायर बघितली. शुभ्याला बोलावू नको, मी आहे ना, म्हटलं. मोठा प्लग, छोटा प्लग, कार्डाची वायर. सगळं बरोबर. तस्नीमनं भिंतीचा प्लग हातात घेतला. "भाय, लावू?" मी म्हटलं, बिस्मिल्ला कर आणि लाव.

ढम्!

फोन पडला तिच्या हातातून. मला नुसतं छप्पर दिसत होतं आणि धूर. कोंबड्या ओरडत होत्या. अब्बांचा आवाज, "मेन पाड! मेन पाड!" अम्मी विचारत होती गॅस आहे का. मग तस्नीमनं फोन उचलला. रडत नव्हती, ते जास्त वाईट. म्हणाली, "भाय, मी काय चुकीचं केलं?"

तिनं काही केलेलं नाही. मीही नाही. दोन हेडलाईट मगरिबपर्यंत जाळले होते!

२९ ऑक्टोबर

मुसअबनं आपटला असणार. फोन केला तर तिकडे हळद चालू होती, बायकांची गाणी. सगळ्यांदेखत त्याला बोललो. म्हणाला, "तुझा डबा मी बाळासारखा मांडीवर आणला. आता बहिणीच्या हळदीत माझ्यावर चढतोस?" फोन ठेवला.

नाहीतर घरातलं वायरिंग. अब्बांना तसं म्हटलं. अब्बा भडकले. "ह्याच वायरिंगवर तू मोठा झालास!" म्हटलं, म्हणूनच असा झालो.

सगळं शुभ्याच्या दुकानात नेलंय. जाऊ दे. त्याचा ईदचा चांद निघाला.

३१ ऑक्टोबर

डबी गेली. बोर्ड, कार्ड, रॅम ठणठणीत, शुभ्यानं लावून बघितलं. बघ, जुन्यात दम आहे म्हणून वाचले! एखादा नवा बोर्ड असता तर जागीच झोपला असता.

आणि सकाळी अब्बांचा फोन, आपणहून. "राहील, त्या दिवशी वीज जास्तच आली होती. वट्यावरचा बल्ब असा चमकत होता, असा चमकत होता." आवाज मऊ. मी म्हटलं, मग मी काय सांगत होतो? "व्हय, व्हय. तुझी कायच चूक न्हाय."

माझी चूक आहे असं मी म्हणालोच नव्हतो. म्हातारे झाले अब्बा.

शुभ्यापण थंड पडलाय. एरवी एका गोष्टीला दहा व्हॉइस टाकतो, ह्या वेळी एकच: "होतं रे." हरला की माणूस असंच बोलतो.

५ नोव्हेंबर

ठरवलं, सोडायचं नाही. वीजवाल्यांच्या ऑफिसात अर्ज टाकायचा, तुमच्या जादा विजेनं माझी वस्तू जाळली. अब्बांना म्हटलं तुम्ही सही करा. तर म्हणे, "कशाला रं सरकारी माणसाच्या नादी लागतोस." कालपर्यंत बल्ब चमकत होता, आज सही नको! मी शुभ्याला सांगितलं, डबीचे सगळ्या बाजूंनी फोटो काढून पाठव, पुरावा पाहिजे. तो म्हणाला, "खरंच पाठवू?" म्हटलं, पाठव ना, घाबरतोस काय.

तस्नीम दुकानात जाऊन काम करते, गिऱ्हाईक नसेल तेव्हा सोनलवहिनी तिला गल्ल्यावरचा आपला कॉम्प्युटर देते. पण ती मशीन हलकी, रडत चालते. एक घर झालं कसंबसं.

७ नोव्हेंबर

फोटो आले. स्टिकरचा, वरचा, बाजूचा. पाठीचा फोटो एवढ्या जवळून का काढलाय म्हणून मोठा करून बघितला.

लाल बटण. ११५. चावीची खरवड दिसते बाजूला.

१२ नोव्हेंबर

लिहिलं नाही मधे. गोदामात काम होतं.

एकशेपंधरावर ठेवून दोनशेतीसची वीज सोडली. लाँचच्या इंजिनात डिझेल कोंबून कोंबून भरावं तसं. फुटणारच. तिनं विचारलं होतं मी काय चुकीचं केलं.

शुभ्याच्या लक्षात आलेलं दिसत नाही. आलं असतं तर बोर्लीच्या बाजारात भोंगा लावला असता. मग मीपण बोलायचं कारण नाही. अर्जाचं राहू दे म्हटलं सगळ्यांना.

दुसरा सप्लाय सापडलाय, पहिल्याहून दणकट. पहिलं काम काय केलं असेल तर बटण बघितलं. पण डिसेंबरच्या मध्यापर्यंत गावी जाणारा कुणी नाही. आमच्या खोलीत नाही, खालच्या दोन मजल्यांवरही नाही.

तस्नीमला विचारलं, थांबशील का? "थांबते भाय. तू म्हणशील तसं." मग हळूच म्हणाली, दुसऱ्या घराचं चित्र सोनलवहिनीच्या मशीनवर तीनदा अडकलं, आणि येसाजीकाका काल पनवेलवाल्याशी फोनवर बोलत होते, तिच्यासमोरच.

ती थांबेल. येसाजी थांबणार नाहीत. आणि मी इथे दणकट डबी मांडीवर घेऊन बसलोय.

१५ नोव्हेंबर

मुसअब परत आला. बॅगेतून अम्मीनं दिलेले सोडे, सुकवलेली कोळंबी, काढून माझ्या उशीवर ठेवले आणि पाठ फिरवून बॅग उपसत बसला. हळदीत मी त्याला बोललो होतो, म्हणून मी न सांगता चहा केला. एक घोट घेतला आणि म्हणाला, "कोमट आहे. किटली एकशेदहावर लावलीस काय?"

खोलीत बाकी कुणाला काही कळलं नाही. मला कळलं.

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? मी आपटला म्हणालास ना, म्हणून बघायलाच गेलो शुभमच्या दुकानात. त्यानं डबी उलटी केली, बटण बघितलं, तुझ्या अब्बांना दाखवलं. तस्नीम होती, शुभमची बायको होती. मग तुझे अब्बा म्हणाले, पोराला कुणी काय बोलायचं न्हाय, परदेशात एकटा हाय. मी पण एकदा पाण्याच्या टाकीत डिझेल ओतलं होतं, लाँच दिघीपर्यंत वाहत गेली."

म्हणजे सगळ्यांना माहीत. तेव्हापासून. वीज जास्त आली होती, बल्ब चमकत होता, होतं रे. सगळी बोर्ली मला सांभाळते आहे! मी काय काचेचं झुंबर आहे? शिव्या द्या ना. शुभ्या, तुझ्याकडे एवढा मोठा दगड होता आणि तू मारला नाहीस, हा कुठला न्याय? "खरंच पाठवू?" म्हणून विचारतो वर.

मुसअबला म्हटलं, हळदीतलं विसर. म्हणाला, "विसरतो. पण पुढच्या खेपेला माझी बॅग फक्त माझी."

मग बाहेर जिन्यात जाऊन शुभ्याला फोन लावला.

"तुझ्या त्या पाच हजारवाल्यात बाराच्या खाली किती?"

"पंचेचाळीस."

"फोटो टाक."

"विश्वास न्हाय?"

"न्हाय."

टाकला. पंचेचाळीसच. स्टिकरच्या मागोमाग पाठीचा फोटो, मी मागितला नव्हता. लाल बटण नाहीच. नव्या सप्लायला लागत नाही, भिंतीत कुठली वीज आहे ते तो आपलं आपण ओळखतो.

मी म्हटलं, "आज संध्याकाळी बसव. पण ऐक. जुना सप्लाय वाईट नव्हता. बटण चुकलं. सप्लाय नाही चुकला."

"मी कुठं काय म्हटलं?"

"म्हणत नाहीस तेच म्हणतो."

हसला. "पैसे सावकाश दे. ती दुसरी दणकट डबीपण आण येशील तेव्हा, दुकानात लागंल." म्हटलं, सावकाश वगैरे काही नाही, उद्या मिळतील. त्याच्या मागून तस्नीम म्हणत होती, "भायला सांग, कुठली वायर पहिली लावायची मला पाठ हाय." ती तिथेच होती. स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसली असेल. पंधरा दिवसात दोन घरं म्हणजे तिला खेळ आहे, मशीन नीट पाहिजे फक्त.

जुनं वाईट नसतं, हे मी अजून म्हणतो. जुन्याला विचारावं लागतं, बाबा तू कुठल्या विजेवर वाढलास. मी विचारलं नाही.

ती खुर्ची अजून रिकामी आहे का, हेसुद्धा विचारलं नाही.

आता पैसे पाठवतो, शुभ्याच्या नावावर. पाच हजार सप्लायचे. वरचे कशाचे ते लिहिणार नाही आणि सांगणारही नाही. त्याला मोजता येतं, गणितं माझीच बघून शिकलाय.

रुपये पाच हजार एकशे पंधरा.